तुमचाच तो!

गाडीचं मागचं दार उघडलं, एक तरुण आत शिरला, सीटवर आडवा झाला आणि म्हणाला, “चला.”

मास्तरीण पुढे बसून केळं खात होती. बाहेर पाऊस पडत होता. जोरात नाही, कुणीतरी वरून सांगितलंय म्हणून पडावा तसा. काचा धुरकटल्या होत्या. तिनं आरशात पाहिलं. आरशात दोन गुडघे दिसले.

“ही टॅक्सी नाहीये,” ती गुडघ्यांना म्हणाली.

“माहीत आहे. छतावर लिहिलंय.”

“काय लिहिलंय?”

“मोटार ड्रायव्हिंग स्कूल. खाली बारीक अक्षरात – घाबरणाऱ्यांसाठी खास सोय.”

“मग?”

“मी घाबरतो. सोय करा.”

मास्तरणीनं उरलेलं केळं सावकाश खाल्लं. गाडी शिकवायच्या धंद्यात घाई करून चालत नाही. “गाडी शिकणारा माणूस साधारणपणे पुढे बसतो,” ती म्हणाली.

“पुढे बसलं की दिसतो.”

“मागे झोपलं की संशयास्पद दिसतो.”

“दिसत नाही. झोपलाय ना.”

यात तर्क होता, आणि तोच तिला आवडला नाही. तिनं मान वळवून नीट पाहिलं. अंगावर साधा शर्ट, पायांत ओले बूट, आणि गळ्यापासून नाकापर्यंत गुंडाळलेला लोकरीचा मफलर. बाहेर उकडत होतं. पावसातही उकडतं तसं.

“थंडी वाजतेय?”

“नाही.”

“मग मफलर?”

“शोभेसाठी.”

ठरलं ते असं : रोज सकाळी, पाण्याच्या टाकीच्या मागे.

“टाकीच्या मागे का? शाळा इथे आहे,” मास्तरीण म्हणाली.

“टाकीच्या मागे कुणी येत नाही.”

“मीही येत नाही.”

“म्हणूनच तर…” असं म्हणत तो पहिल्यांदा उठून बसला आणि मफलर घसरला. आधी नाक दिसलं, मग हसू. हसू बरं होतं. जरा जास्तच बरं होतं. मास्तरणीला पहिला संशय तिथेच आला.

संशय हा खरं तर त्यांचा घरचा धंदा. ड्रायव्हिंग स्कूल नंतरचं. बाबांच्या मागे आईनं शाळा एकटीनं ओढली ती संशयाच्या जोरावर. आईनं आयुष्यात एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला, तो डोळ्यांचा डॉक्टर होता, आणि तोही त्यानं डोळे मिटायला सांगितले म्हणून. अशा आईच्या हाताखाली वाढलेली मुलगी. तिला सगळी गल्ली मास्तरीण म्हणायची. आईसुद्धा, रागावली की.

रस्त्याच्या पलीकडे दुसरं ड्रायव्हिंग स्कूल होतं. ते चालवणाऱ्या गृहस्थांना आईबापांनी नाव ठेवलेलं होतं, पण मास्तरणीच्या घरात ते कुणी घेत नसे. ते ‘समोरचे’. त्यांची गाडी पिवळी, यांची निळी. आईनं पाटी लावली, ‘महिलांसाठी खास सोय.’ दुसऱ्या दिवशी समोर पाटी, ‘महिलांसाठी व त्यांच्या सासूबाईंसाठी खास सोय.’ आईनं लिहिलं, ‘घाबरणाऱ्यांसाठी.’ समोर आलं, ‘अति घाबरणाऱ्यांसाठी.’ आईनं गाडीत पंखा बसवला. समोरच्यांनी दोन बसवले, एक शिकणाऱ्याला आणि एक शिकवणाऱ्याला, कारण गरज त्याला जास्त. मग समोरच्यांनी पास होणाऱ्याला फुगा द्यायला सुरुवात केली, तेव्हा आईनं नापास होणाऱ्यालाही दिला. शहरभर प्रौढ माणसं फुगे घेऊन फिरू लागली. कोण पास, कोण नापास, काही कळेनासं झालं. रस्त्यावर चालणाऱ्यांच्या दृष्टीनं ही जरा काळजीचीच गोष्ट होती.

पण खोटं कशाला बोला, या चढाओढीनं गल्लीचं भलंही केलं होतं. समोरच्यांनी चढावर गाडी धरायला शिकवलं म्हणून आईनं अरुंद बोळातून मागे घ्यायला शिकवलं. त्यांनी चिखल घेतला, तर यांनी धुकं. गल्लीतली मांजरंसुद्धा दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडत. आणि एकदा समोरचे तापानं आडवे झाले, शटर बंद राहिलं, तर आई खुर्ची टाकून दिवसभर त्या बंद शटरकडे बघत बसली. जेवण अर्धं टाकलं. नवी पाटी लिही म्हटलं तर म्हणाली, “कुणासाठी लिहू?”

अशा गल्लीत मफलर शिकायला आला. त्याचं नाव तिनं मनात मफलरच ठेवलं होतं.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “नियम काही माहीत आहेत?”

“वळण्यापूर्वी आरसा, मग इशारा, मग कृती. ओल्या रस्त्यावर पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर. रस्ता ओलांडण्याच्या तयारीत असलेल्या पादचाऱ्यास प्रथम जाऊ द्यावे, त्याने रस्ता पूर्ण ओलांडेपर्यंत वाहन स्थिर ठेवावे.”

मास्तरीण बघतच राहिली. ‘पादचाऱ्यास’ आणि ‘स्थिर ठेवावे’ असं बोलणारा माणूस तिनं याआधी फक्त छापलेला पाहिला होता.

“आता सुरू करा,” ती म्हणाली.

त्यानं किल्ली फिरवली. गाडी उंटासारखी मागून उठली, दोन पावलं चालली, आणि जीव गेल्यासारखी बसली.

“हे… असं होणार होतं का?” त्यानं विचारलं.

“तुम्ही ठरवून केलंत का?”

“मी ठरवून काहीच करू शकत नाही. गाडीच ठरवते.”

रोज हेच. नियम घडाघडा, गाडी मात्र तिथल्या तिथे. तो आरसा लावायचा तोही असा, की त्यात मागचा रस्ता न दिसता शेजारी बसलेली मास्तरीण दिसावी.

“आरसा मागचं बघायला असतो,” ती म्हणायची.

“मागचं गेलं ते गेलं.”

“मागचं येऊन आदळतं.”

“तुम्ही आहात ना ब्रेकला…”

ती होतीच. तिच्या पायापाशी दुसरा ब्रेक होता, आणि त्यावर तिचा पाय जन्मल्यापासून असावा तसा असे. त्याचा हात गिअरवर, त्यावर तिचा हात. शिकवण्याची हीच रीत, यात दुसरं काही नाही. पहिला गिअर. दुसरा. दुसऱ्यावर तो जरा रेंगाळायचा.

“काल आला होता की दुसरा!”

“रात्रीत विसरलो.”

“रात्रीत?”

“स्वप्नात सगळं तिसऱ्यात होतं.”

मास्तरीण हसू दाबायची आणि संशय वाढवायची. कारण एक गोष्ट फार वाईट होती. समोरून पिवळी गाडी आली की हा चालता चालता स्टिअरिंगखाली गडप व्हायचा. गाडी रस्त्यावर, ड्रायव्हर पायदानावर. पिवळी गाडी गेली की वर यायचा आणि म्हणायचा, “बूट सुटला होता.”

त्याच्या बुटांना नाडीच नव्हती.

“समोरच्यांचा माणूस आहे,” आई घरी म्हणाली. तिच्या कपाळाला तीच आठी पडली होती, जी सगळ्या महत्त्वाच्या निर्णयांना पडायची. “आपली पद्धत चोरायला आलाय.”

“कुठली पद्धत, आई?”

“तेच तर. आपल्याला कळायच्या आत त्याला कळायला नको.”

“त्याला काहीच येत नाही गं.”

“सगळे नियम पाठ आणि गाडी येत नाही? असं माणूस असतं का कुठे? नाटक करतोय. इतकं वाईट चालवायला आधी फार चांगलं चालवता यावं लागतं.” मग आवाज खाली आणून, “दिसायला कसा आहे?”

“मफलरसारखा.”

“मग तर नक्कीच हेर.”

आईचं म्हणणं मास्तरणीला पटलं, आणि पटलं म्हणून वाईट वाटलं, आणि वाईट का वाटतंय याचाच तिला नवा संशय आला. तेव्हा तिनं परीक्षा घ्यायचं ठरवलं. ज्याला गाडी येते त्याचा पाय ऐन वेळी लपून राहत नाही. डोकं खोटं बोलेल, पाय बोलत नाही.

चपलांच्या दुकानामागे रिकाम्या खोक्यांचा डोंगर रचलेला असे. दुसऱ्या सकाळी तिनं गाडी तिकडे वळवायला सांगितली, खोकी जवळ आली, आणि तिनं हळूच आपला पाय ब्रेकवरून उचलून घेतला.

गाडी शांतपणे डोंगरात शिरली.

खोकी वरून पडत राहिली. एक उघडं खोकं समोरच्या काचेवर येऊन बसलं आणि वायपरनं त्याला इमानेइतबारे इकडून तिकडे हलवायला सुरुवात केली.

“ब्रेक का नाही लावलात?” दोघंही एकदम म्हणाले.

“मला वाटलं, तुम्ही लावाल,” तो म्हणाला.

“मला वाटलं, तुम्ही लावाल!”

“मी लावणारच होतो. मधला की डावा, एवढंच ठरत नव्हतं… तेवढ्यात खोकी आली.”

त्याच्या कानाच्या पाळ्या थरथरत होत्या. कानाच्या पाळ्यांना नाटक येत नाही.

“तुम्हाला खरंच येत नाही!” मास्तरीण म्हणाली. आवाजात नको तितका आनंद होता. तिचा तिलाच ऐकू आला.

त्यानं मफलर सोडला, गुंडाळून मांडीवर ठेवला. “मी समोरच्यांचा मुलगा,” तो म्हणाला.

वायपर खोकं हलवत राहिला.

“म्हणजे तुम्ही हेर नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“गिऱ्हाईक आहात.”

“हो.”

“हे जास्त भयंकर आहे.”

मग त्यानं सगळं सांगितलं. शिकायला बाहेरगावी होता तो, आता परत आला होता. बापाच्या शाळेत आतल्या खोलीत बसून नियमांचा वर्ग घ्यायचा, एका टेबलावर स्टिअरिंगचं चाक ठोकलेलं होतं, त्यावर. “टेबल मी उत्तम चालवतो,” तो म्हणाला. बाप सगळ्यांना अभिमानानं सांगायचा की पोराला काही शिकवावं लागलं नाही, माशाच्या पिल्लाला पोहायला कोण शिकवतं? आता बापाची कंबर धरली होती. डॉक्टरांनी गाडीत बसायला मनाई केली होती, तरी ते कसेबसे रोज बसत होते. पोरगा परवान्याची परीक्षा देईल, मग पिवळी गाडी तोच चालवेल, असं बापानं जाहीर करून टाकलं होतं. परीक्षा म्हणजे काय, नुसती औपचारिकता.

“मग काकांना सरळ सांगायचं ना.”

“लहानपणी एकदा बसवलं होतं त्यांनी शेजारी. मी क्लच सोडला आणि ते असे ओरडले, की पलीकडच्या रस्त्यावर दोघांनी आपापल्या गाड्या थांबवल्या.” तो काचेवरच्या खोक्याकडे बघत होता. “येत नाही म्हणून सांगितलं तर रागावतील, याची भीती नाही मला. शिकवतील, याची आहे.”

“पण आमच्याकडेच कशाला? दुसऱ्या शाळा आहेत की.”

“बाबा रोज संध्याकाळी खिडकीत उभे राहून तुम्हाला शिव्या देतात. ‘बघ ती पोरगी, बघ! एकदा म्हणून आवाज चढवत नाही. म्हातारी गाडी खड्ड्यात घालते आणि ही तिला पाणी देते. सत्यानाश होणार आपला!’ … रोज ऐकायचो. मग वाटलं, बाबा ज्याला इतक्या मनापासून शिव्या देतात, ते माणूस खरंच चांगलं असणार.”

मास्तरणीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. तिच्या कामाचं इतकं धडधडीत कौतुक आजवर कुणीच केलं नव्हतं. आईनं नाही, शिकून गेलेल्यांनी नाही. ते करायला समोरचा शत्रू लागला.

“उद्या वेळेवर ये,” ती म्हणाली, आणि आपण ‘तू’ म्हणून गेलो हे खोकी उचलताना तिच्या लक्षात आलं.

त्यानंतरच्या सकाळी वेगळ्याच होत्या. मफलर आता मागच्या सीटवर पडून असे. पावसानं काच धुरकटली की तो रुमालानं आधी तिची बाजू पुसायचा, मग स्वतःची. गाडी उंटपणा सोडून गाडीसारखी चालू लागली. बोळातून मागे घेताना त्यानं एकदाही भिंतीला हात लावला नाही, आणि तिनं टाळी वाजवली, आणि मग दोघंही उगाचच बाहेर बघू लागले, जणू भिंत फार सुंदर होती.

पण संशय असा सहज जात नाही, डाग पाण्यानं जात नाहीत तसा.

“परवाना मिळाला की काय करशील?” तिनं एकदा विचारलं.

“पिवळी गाडी चालवीन.”

“आणि माझी शिकवण्याची पद्धत?”

“वापरीन.”

“चोर.”

“फी भरलीय की!”

“आणि… टाकीच्या मागे?”

त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण समोर म्हैस आडवी आली आणि नियमाप्रमाणे तो थांबला. म्हैस गेली, उत्तरही गेलं. मास्तरीण घरी येऊन उशीत तोंड खुपसून विचार करत राहिली. आपल्याच हातांनी समोरच्यांना ड्रायव्हर तयार करून देतोय आपण. आपल्याच पायावर धोंडा, तोही रोज सकाळी, वेळेवर. हा गोड बोलतो ते शिकेपर्यंतच असलं तर? परवाना खिशात पडला की रस्ता ओलांडून जायचा, दोन्हीकडे बघून, नियमाप्रमाणे.

आणि तेवढ्यात आईला कळलं.

आई छत्री घेऊन टाकीच्या मागेच उभी राहिली होती. मफलरशिवायचा मफलर तिनं पाहिला, नाक पाहिलं, हनुवटी पाहिली. समोरच्यांची हनुवटी ती झोपेतही ओळखायची. ती रागावेल म्हणून मास्तरणीनं डोळे मिटले. पण आई टाकीच्या पायरीवर मटकन बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांत न आलेलं तेज आलं.

“समोरच्याचा पोरगा… आपल्याकडे शिकतोय?” ती पुटपुटली. “मी आता सुखानं मरायला मोकळी.”

मेली मात्र नाही. घरी जाऊन पाटी रंगवायला बसली. अक्षरं लाल, कडेनं वेलबुट्टी : ‘समोरच्यांचा मुलगा आमच्याकडे शिकून पास!’

“आई, ही पाटी लावायची नाही,” मास्तरीण म्हणाली. “काकांची अब्रू जाईल.”

“जाईल ना?” आईनं आशेनं विचारलं.

“आई! तो पुन्हा माझं तोंड बघणार नाही. त्याला वाटेल, मी यासाठीच शिकवलं.”

आईनं ब्रश खाली ठेवला आणि मुलीकडे निरखून पाहिलं. “वाटू दे की. तुला काय त्याचं?”

“मला… काही नाही.”

“मग?”

“तरी लावायची नाही.”

“बरं बाई, नाही लावत. शपथ.”

“कुणाची?”

“समोरच्याची.”

या शपथेवर किती विसंबायचं हे मास्तरणीला कळत होतं. त्याला सांगून टाकायला हवं होतं, हेही कळत होतं. पण सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवसापासून आला नसता. एवढाच हिशेब होता, आणि तो तिच्या बाजूनं फार लबाड होता.

परीक्षेच्या मैदानावर त्या दिवशी दोन्ही शाळा आल्या होत्या. मैदानाच्या कडेला मंडप, मंडपात भोंगा, भोंग्यामागे परीक्षक. उंच, वाळका, कंटाळलेला गृहस्थ. मैदानावर आधी चढ, मग बोळ, मग पट्ट्यापट्ट्यांचा रस्ता ओलांडायचा मार्ग. त्या मार्गाच्या कडेला खात्यानं एक लाकडी माणूस उभा केला होता. परीक्षा देणाऱ्यानं तिथे क्षणभर थांबायचं, लाकडी माणसाला मान द्यायचा, आणि पुढे जायचं.

समोरचे काका कमरेला पट्टा बांधून आले होते आणि भेटेल त्याला सांगत होते, “पोरगा आहे माझा. बघा नुसता हात. शिकवावं लागलं नाही हो, माशाचं पिल्लू!” आई मंडपाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं, सपाट, चौकोनी होतं.

“आई, हे काय?”

“पाऊस आला तर,” आई म्हणाली.

पिवळी गाडी निघाली. चढावर थांबली, तसूभरही मागे न येता वर गेली. बोळात मागून शिरली, लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. मास्तरणीचे दोन्ही हात आपोआप गालांवर गेले. काका टाळ्या वाजवत होते. आणि आईला… आईला आता धीर धरवेना. अजून पट्ट्यांचा रस्ता बाकी होता, पण तिनं चादर फेकली आणि पाटी डोक्यावर उंच धरली.

सगळ्या मैदानानं वाचली. काकांनी वाचली. टाळ्या वाजवता वाजवता त्यांचे हात हवेत राहिले.

आणि पट्ट्यांपाशी क्षणभर थांबलेल्या त्यानंही वाचली. काच खाली होती. त्यानं पाटीकडे पाहिलं, मग मास्तरणीकडे. ती नजर रागाची असती तर चाललं असतं. ती नुसती विचारत होती. मास्तरणीनं मान हलवली, नाही, नाही म्हणून. पण इतक्या लांबून ते ‘नाही’ कशाला, हे त्याला कसं कळावं?

गाडी हलेना.

“पुढे चला,” भोंगा म्हणाला.

गाडी हलेना.

“गाडी बंद पडली का?”

त्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं. “गाडी चालू आहे. पादचारी अजून ओलांडतोय,” तो म्हणाला.

सगळ्यांनी लाकडी माणसाकडे पाहिलं. लाकडी माणूस ओलांडत नव्हता.

“तो लाकडाचा आहे!” भोंगा म्हणाला.

“त्याचा एक पाय पुढे आहे. म्हणजे तो तयारीत आहे. त्याने रस्ता पूर्ण ओलांडेपर्यंत वाहन स्थिर ठेवावे, असा नियम आहे.”

परीक्षकानं पुस्तक उघडलं. नियम होता. मग त्यानं घड्याळ पाहिलं. वेळेचाही नियम होता. “नापास,” भोंगा म्हणाला. “कुठल्या शाळेचा आहे हा?”

आणि मग गल्लीच्या इतिहासात कधी झालं नव्हतं ते झालं. दोन्ही शाळांनी एकदमच माघार घेतली.

“त्यांचा!” काका ओरडले, आईकडे बोट दाखवून. “पाटीवर लिहिलंय ना, त्यांच्याकडे शिकला! तुमचाच तो!”

“कुठे काय लिहिलंय?” आईनं विजेच्या वेगानं पाटी उलटी फिरवली. “गाडी कुणाची आहे? पिवळी! तुमचाच तो!”

“गाडी माझी असेल. ड्रायव्हर तुमचा.”

“अहो, पोटचा पोरगा आहे तुमचा!”

“कशावरून?” काका म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना जरा अडखळल्यासारखं झालं, पण चढाओढीत मागे हटायची सवय नव्हती. “चेहरा… थोडा सारखा आहे, एवढंच.”

“हनुवटी बघा! हनुवटी!”

“हनुवटी काय, कुणाचीही असते!”

तो गाडीत बसून दोन्हीकडे बघत होता, एकदा इकडे, एकदा तिकडे, रस्ता ओलांडायच्या आधी बघावं तसा. त्याला आता कुणीच घेईना. पास झाला असता तर दोघांनी ओढून अर्धा अर्धा केला असता. नापास झाला म्हणून तो अख्खाच्या अख्खा उरला होता.

“अहो, कुणाचा आहे तो?” भोंगा वैतागला. “मला लिहायचंय!”

“माझा!”

हे कोण बोललं म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. मास्तरणीनंही पाहिलं, आणि मग तिला कळलं की तीच उभी राहिली आहे.

“माझा आहे,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिला चढवता येत नसे. “शिकलाय माझ्याकडे. नापास झाला तर मी नापास. विद्यार्थी म्हणूनही माझा… आणि उरलेलाही माझाच. लिहा.”

आईच्या हातातली पाटी खाली गेली. काकांचं तोंड उघडं ते उघडंच. परीक्षकानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“उरलेल्याचा रकाना नाही आमच्याकडे,” तो म्हणाला. “आणि कुणाचा का असेना, आधी तिथून हलवा. मागे रांग लागलीय.”

मास्तरीण पावसातून चालत पिवळ्या गाडीपाशी गेली. “सरक तिकडे,” म्हणाली. तो सरकला. तिनं गाडी लाकडी माणसाला वळसा घालून बाहेर काढली आणि मैदानाच्या टोकाला झाडाखाली नेऊन उभी केली. आरशात दिसत होतं, आई निळ्या गाडीचं दार उघडून उभी होती आणि काका कमरेला हात लावून आत बसू की नको करत होते. पिवळी गाडी तर ही घेऊन आली होती. “पट्टा लावा,” आईचा आवाज इथपर्यंत आला. “मला शिकवू नका,” असं त्यांचं उत्तरही आलं. मग निळं दार लागलं.

छतावर पाऊस वाजत होता.

“पाटीचं तुला माहीत होतं?” त्यानं विचारलं.

“होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू आला नसतास.”

“परीक्षेला?”

“टाकीच्या मागे.”

तिनं स्टिअरिंगवर नखानं रेघ ओढली. “आणि तू थांबलास का? खरं सांग. त्या लाकडी माणसासाठी?”

“त्याचा एक पाय पुढे…”

“खरं.”

“पाटी वाचली,” तो म्हणाला. “पुन्हा वाचली. मग तुझ्याकडे पाहिलं. म्हटलं, ही आता टाळ्या वाजवते का बघू, आणि मग निघू. तू काही वाजवेनास… म्हणून निघायचं राहूनच गेलं.”

“परीक्षा घालवलीस माझ्यावर नजर ठेवण्यात!”

“तू मला खोक्यांत घातलं होतंस.”

काच पुन्हा धुरकटत चालली होती.

“पण,” तो हळूच म्हणाला, “नापास झालेल्या माणसाला ‘माझा’ म्हणालीस.”

“नापास झालास म्हणूनच म्हणता आलं.”

“आणि पास झालो असतो तर?”

“तर जन्मभर वाटत राहिलं असतं, की तू परवान्यासाठीच येत होतास.” ती पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे वळली. “आता परवाना नाही. काकांनी तुला ओळखायला नकार दिलाय, म्हणजे पिवळी गाडीही नाही. आता सांग, उद्या सकाळी कशाला येशील?”

त्यानं खूप विचार केला. ओठ हलत होते. सगळे नियम तो मनातल्या मनात पहिल्यापासून तपासून बघत होता.

“याला नियम सापडत नाहीये,” शेवटी तो म्हणाला.

“मग?”

“मग… नुसताच येईन.”